पॉइंट बदलला की गाडी सुधारते, पंधरा दिवसांत पुन्हा झटके: डिस्ट्रीब्युटर खोलल्यावर सापडलेलं कारण

आधी लक्षण नीट सांगतो. तुमच्या गाडीचं लक्षण याच्याशी जुळत असेल तरच पुढचं सगळं कामाचं.

चार सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, सीबी पॉइंटचा (उघडझाप करणारा छोटा स्विच) डिस्ट्रीब्युटर. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. आयडलला घड्याळासारखं. रस्त्यावर एका संथ वेगात, ॲक्सिलरेटर अगदी थोडा दाबून चाललो की झटका बसतो. दोन मिनिटं ठीक, पुन्हा झटका, कधी सायलेन्सरमधून फटाका. वैतागून पाय पूर्ण दाबला की तीच गाडी काही झालंच नाही अशी पळते. पाय सैल केला की परत तेच रडगाणं.

पॉइंट बदलला की आठ-पंधरा दिवस शांतता. मग पुन्हा सुरू. मी चार वेळा पॉइंट बदलला, दोनदा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा), एकदा कॉइल (प्लगसाठी हाय टेन्शन तयार करणारी), आणि मधे एकदा कार्बोरेटरही सोलून काढला. दर वेळी वाटायचं, आता जमलं. माझी चूक अशी झाली की पॉइंट बदलल्यावर गाडी सुधारते, म्हणजे दोष पॉइंटमध्येच, असं मी धरून चाललो. पॉइंट बदलताना आजूबाजूच्या वायरीही हलतात, वेगळ्या वळणाने बसतात. दुरुस्ती त्या हलण्यातून होत होती, आणि हे कळायला मला तीन महिने लागले.

थोड्या ॲक्सिलरेटरवरच का?

या एका प्रश्नात निम्मं निदान आहे, म्हणून जरा आत जाऊ.

डिस्ट्रीब्युटरची कामं दोन. कॉइलच्या प्रायमरीतला प्रवाह नेमक्या क्षणी तोडायचा, आणि त्यातून उठलेला हाय टेन्शन करंट नेमक्या प्लगकडे पाठवायचा. तोडण्याचं काम खाली पॉइंट करतो, वाटप वर रोटर आणि कॅप करतात. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या आसपास कॅडिलॅक गाड्यांसाठी ही मांडणी बसवली आणि पुढची साठेक वर्षं ती जवळपास तशीच चालली. एवढी साधी आहे म्हणूनच घरी खोलता येते.

डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर शाफ्ट १५०० वर, म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत चार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. एका ठिणगीच्या वाट्याला १० मिलिसेकंद येतात, त्यातले सहाएक मिलिसेकंद पॉइंट मिटलेला असतो. तेवढ्यात कॉइल भरली पाहिजे. त्या सहा मिलिसेकंदांत वाटेतली एखादी वायर किंचित जरी सुटली तरी ती ठिणगी गेली. न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. फटाका तोच.

आता व्हॅक्यूम ॲडव्हान्स. डिस्ट्रीब्युटरच्या बॉडीच्या बाजूला पत्र्याची चपटी डबी असते, तिच्यात रबराचा पडदा. कार्बोरेटरकडून आलेली बारीक नळी त्या पडद्याला ओढते, पडदा एका दांडीने पॉइंटची प्लेट थोडी फिरवतो आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. ज्या गाड्यांत ही नळी थ्रॉटलच्या पाकळीच्या जरा वरून निघते, तिथे आयडलला ओढ नसते. थोडा पाय दाबला की ओढ जोरात येते, पूर्ण दाबला की पुन्हा जवळपास शून्य.

माझ्या लक्षणाशी हे ताडून पाहा. आयडलला ठीक, थोडा दाबल्यावर झटके, पूर्ण दाबल्यावर ठीक. म्हणजे जेव्हा प्लेट फिरलेली असते, तेव्हाच दोष. आणि त्या प्लेटबरोबर दोन वायरी सतत वाकत असतात. एक कॉइलकडून आलेली, बॉडीतून आत शिरून पॉइंटला लागणारी. दुसरी प्लेटला बॉडीशी जोडणारी छोटी अर्थची वायर. गाडी चालते तेवढा वेळ या दोघी त्याच जागी वाकून सरळ होत असतात. पत्र्याचा तुकडा वाकवून वाकवून मोडतो, तशी आतली तांब्याची तार एकेक करून तुटते. वरचं आवरण मात्र शाबूत. डोळ्यांना काही दिसत नाही.

(नळी थेट मॅनिफोल्डवर, म्हणजे थ्रॉटलच्या खालच्या बाजूला, असेल तर आयडललाही प्लेट फिरलेली राहते आणि लक्षणाचा नमुना वेगळा दिसेल. खालच्या चाचण्या तेव्हाही लागू आहेत.)

खोलायच्या आधी दहा मिनिटांच्या चाचण्या

व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रीब्युटरकडून काढा, कार्बोरेटरकडच्या तोंडात छोटा बोल्ट घालून ते बंद करा आणि गाडी चालवून पाहा. झटके गेले तर दोष प्लेटच्या बाजूला आहे. पण लगेच उड्या मारू नका, कारण पडदा फाटलेला असला तरी हीच गंमत दिसते. फाटक्या पडद्यातून हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि नळी बंद केल्यावर गाडी सुधारते. म्हणून डबीच्या टोकाला एक स्वच्छ नळी लावून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. प्लेट सरकली पाहिजे आणि सरकलेलीच राहिली पाहिजे. हळूहळू परत आली तर पडदा गेला.

दुसरी चाचणी माझी सगळ्यात लाडकी. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कॉइलकडून डिस्ट्रीब्युटरला येणारी वायर सोडवा. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या जागी आणा. मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक डिस्ट्रीब्युटरच्या बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं त्याच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीला. बीप वाजेल. आता तशीच नळी ओढा आणि सोडा, दहा वेळा. बीप एकदाही अडखळता कामा नये. बोटाने दोन्ही वायरी हलकेच हलवूनही पाहा. माझ्याकडे प्लेट पूर्ण सरकली की बीप बंद, जरा परत आली की चालू. या एका चाचणीत दोन्ही वायरी आणि पॉइंट तिन्ही तपासून होतात, आणि हे मी चौथ्या पॉइंटनंतर केलं. हसा.

बीप अडखळला नाही तरी वायर बरी असेलच असं नाही. बीपचा करंट नगण्य असतो, खऱ्या कामात साध्या १२ व्होल्टच्या कॉइलमधून चार अँपिअरच्या आसपास जातात. म्हणून बॅटरी आणि वायर परत जोडा, पॉइंट मिटलेला ठेवून चावी चालू करा आणि त्याच दोन ठिकाणी व्होल्टेज पाहा. ०.२ व्होल्टपेक्षा कमी हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत कुठेतरी गडबड आहे. मोजून झालं की लगेच चावी बंद करा. पॉइंट मिटलेला आणि चावी चालू, अशी गाडी सोडून चहा प्यायला गेलात तर कॉइल तापून जाईल.

शेवटची, कॅप काढून रोटरला दोन बोटांत धरून आडवं हलवा. फिरण्याच्या दिशेने थोडं वळवून सोडलं की रोटर स्प्रिंगने परत यायला हवा, तो मेकॅनिकल ॲडव्हान्स, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारा. आडवं मात्र हलायला नको. माझा हलत होता. तो दोष नंबर दोन.

दुसरा दोष: शाफ्टचा खेळ

पॉइंटचा गॅप, म्हणजे पूर्ण उघडल्यावरची फट, साधारण ०.४ मिमी असतो. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजून शाफ्ट ०.१५ मिमी इकडे-तिकडे झुलत असेल, तर गॅपचा तिसरा हिस्सा नुसत्या झुलण्यातच गेला. फिलर गेजने गाडी बंद असताना गॅप लावता तेव्हा पॉइंटची स्प्रिंग शाफ्टला एका अंगाला रेटून धरते, म्हणून मोजमाप बरोबर वाटतं. इंजिन चालू झालं की शाफ्ट बुशमध्ये भिरभिरतो, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं पडतं. टायमिंग लाइट मारली की पुलीवरची खूण एका जागी ठरत नाही, पसरल्यासारखी दिसते.

शाफ्टवरच्या कॅमवर (पॉइंट उघडणारे उंचवटे) टेकणारी पॉइंटची फायबरची टाच लवकर झिजते त्यात या झुलण्याचाही हात असतो. टाच झिजली की गॅप कमी होतो, ड्वेल (पॉइंट मिटलेला राहतो तेवढे अंश) वाढतो, टायमिंग मागे पडतं, गाडी जड होते. पंधरा दिवसांत गॅप बुजत असेल तर आधी कॅमवर ग्रीस आहे का बघा, मग बुश. माझ्याकडे कॅम कोरडा ठणठणीत होता आणि नव्या टाचेची पावडर प्लेटवर सांडलेली होती.

बाहेर काढताना

बॅटरी काढा. कॅपच्या वायरींचा फोटो घ्या, एक नंबरच्या वायरीला चिकटपट्टी लावा. ठिणगीचा क्रम १-३-४-२ की १-२-४-३ यावर भरवसा स्मरणाचा नको, पुस्तकाचा किंवा फोटोचा हवा.

इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने फिरवून एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर आणा. पुलीची खूण जुळेल आणि रोटर एक नंबरच्या टॉवरकडे (कॅपवरचं वायरीचं तोंड) बघत असेल. रोटर विरुद्ध बाजूला बघत असेल तर तुम्ही एक फेरी अलीकडे आहात, अजून एक पूर्ण फेरी द्या. रोटरच्या टोकासमोर बॉडीवर रेघ मारा, बॉडी आणि ब्लॉक यांवरही एक जोडरेघ. ब्लॉकवरचा क्लॅम्प कुठे सोडायचा ते नीट बघा. बऱ्याच इंजिनांत दोन बोल्ट दिसतात, एक क्लॅम्पला ब्लॉकशी धरतो आणि दुसरा क्लॅम्पला डिस्ट्रीब्युटरच्या मानेभोवती आवळतो. पहिला सोडला आणि दुसरा तसाच राहू दिला तर टायमिंग जवळपास टिकतं.

वर ओढताना गिअर तिरप्या दात्यांचा असेल तर रोटर थोडा फिरेल. घाबरू नका, बाहेर आल्यावर जिथे थांबला तिथे दुसरी रेघ मारा. परत घालताना दुसऱ्या रेघेवरून सुरुवात केली की खाली बसता बसता तो पहिल्या रेघेवर येतो. गिअरऐवजी खाली खाच असलेला डॉग असेल तर ही भानगड नाही. डॉगची जीभ मध्यापासून जरा सरकवलेली असते, एकाच बाजूने बसते.

अडकला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमची मान तुटली तर सगळंच संपलं. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर थांबा, मग डावीकडे-उजवीकडे फिरवत वर घ्या. भोकात स्वच्छ फडकं कोंबा. आणि डिस्ट्रीब्युटर बाहेर असताना इंजिन फिरवायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

खोलताना

पांढरं कापड अंथरा. बारीक ई-क्लिप उडाली तर काळ्या फरशीवर सापडत नाही.

रोटर काढला की शाफ्टच्या टोकात छोटी नमद्याची वात दिसते. ती तेलासाठी आहे, फेकू नका. मग पॉइंट आणि कंडेन्सर. इथे एक सापळा आहे. पॉइंटच्या खुंटीवर वायर, प्लास्टिकचा वॉशर आणि स्प्रिंग कोणत्या क्रमाने बसलेत ते फोटो काढूनच सोडा. क्रम चुकला तर वायर थेट बॉडीला लागते आणि ठिणगीच येत नाही. "नवा पॉइंट घातला आणि गाडी चालूच होईना" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

व्हॅक्यूम डबीची दांडी प्लेटवरच्या खुंटीतून सोडवा, डबीचे स्क्रू काढा. प्लेट दोन स्क्रूंवर बसलेली असते आणि त्यातल्याच एका स्क्रूखाली अर्थच्या वायरीचं टोक असतं. प्लेट वर आली की खाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा. स्प्रिंगा एकसारख्या असतीलच असं नाही. एक बारीक, दुसरी जाड आणि बरेचदा सैल. सैल आहे म्हणून तिचं टोक वाकवून घट्ट करायचं नाही. ती मुद्दाम सैल ठेवलेली असते, वरच्या आरपीएमलाच कामाला लागते. कोणती कुठे होती ते लिहून ठेवा.

कॅम सोडवण्यापूर्वी कॅम आणि शाफ्टवर मार्करने एकच रेघ ओढा, कारण तो उलटाही बसतो आणि मग टायमिंग १८० अंशांनी चुकतं. काही कॅमच्या पायथ्याला एक आकडा कोरलेला असतो. तो मेकॅनिकल ॲडव्हान्स, पण डिस्ट्रीब्युटरच्या अंशांत. क्रँकवर त्याची दुप्पट धरायची.

बुशला हात घालायचा नसेल तर इथेच थांबा. घालायचा असेल तर गिअर आणि शाफ्टवर खूण करून गिअरची पिन बारीक पंचने ठोकून काढा, बॉडी लाकडावर टेकवून. पिनच्या भोकाभोवती धातूची उंचवटलेली कड आलेली असते. ती बारीक कानशीने घासल्याशिवाय शाफ्ट वर ओढू नका. नाहीतर ती कड चांगल्या खालच्या बुशलाही ओरबाडत जाते. वॉशर किती, कोणत्या जाडीचे आणि कुठल्या बाजूला, हे लिहून ठेवा. शाफ्टचा उभा खेळ त्यांच्यावर ठरतो.

काय सापडलं आणि काय केलं

पॉइंटकडे जाणारी वायर चिमट्यात धरून हलकेच ओढली तर मधोमध आवरण रबरासारखं ताणलं. आतली तार तिथे तुटलेली होती. कापून पाहिली तर दोन-तीन केसांएवढे धागे एकमेकांना टेकत होते. नवा पॉइंट बसवताना वायर जरा वेगळी वळायची, धागे टेकायचे, पंधरा दिवस बरे जायचे.

वायर बदलताना जाड आणि कडक वायर घालण्याचा मोह होतो, मलाही झाला. पण इथे मऊ वायर हवी, भरपूर बारीक धाग्यांची, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन आवरणाची. मल्टीमीटरच्या चांगल्या प्रोबची वायर असते तशी. टोकाला कथील लावायचं तर अगदी थोडं. कथील धाग्यांतून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि पुढच्या वेळी तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. मी टोक दाबून बसवलं. लांबी एवढी ठेवली की प्लेट दोन्ही टोकांना गेली तरी वायर ताणली जात नाही आणि कॅमलाही घासत नाही. अर्थची वायर अजून तुटली नव्हती, तरी तीही त्याच वेळी बदलली. दोघींचं वय एकच.

अर्थची वायर तुटली तरी गाडी बंद पडत नाही, हे लक्षात ठेवा. करंट प्लेटच्या टेकण्यांतून आणि डबीच्या दांडीतून वाट काढत राहतो. म्हणून हा दोष लपतो.

वरचा बुश अंडाकृती झाला होता. जुना दाबून काढायचा, नवा दाबून बसवायचा. ऐकायला सोपं आहे, पण बॉडी सरळ धरणारा प्रेस किंवा लेथ नसेल तर हे काम लेथवाल्याला द्या, त्यात कमीपणा नाही. नवा बुश सच्छिद्र काशाचा असेल तर आधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. तेल त्याच्या छिद्रांत मुरतं आणि नंतर तेच वंगण देतं. आतून रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवायचा झाला तर धारदारच हवा, बोथट रीमर छिद्रं लिंपून टाकतो. बसल्यावर शाफ्ट बोटाने सहज फिरावा, आणि आडवा हलल्याचं हाताला जाणवू नये. शाफ्टवरच खोल चर पडला असेल तर नुसता बुश पुरणार नाही. गिअरची पिन मात्र नवीच घाला.

बाकी सफाई रॉकेलमध्ये ब्रशने. कॅप, रोटर आणि व्हॅक्यूमचा पडदा यांना रॉकेल लावू नका. वजनांच्या खुंट्यांवर तेलाचा एकेक थेंब. मानेवरची ओ-रिंग बदला. बॉडी बाहेरून तेलकट असेल तर ती ओ-रिंग गळते. कॅपच्या आत तेल असेल तर शाफ्टचं सील किंवा बुश.

कंडेन्सरबद्दल थोडं, कारण सगळे त्यालाच धरतात

कंडेन्सर बिचारा दर वेळी पहिला आरोपी. त्याची क्षमता बहुतेक ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. मल्टीमीटरमध्ये सोय असेल तर सुटा करून थंड मोजा, मग केस वाळवायच्या ड्रायरने तापवून मोजा. गरम झाल्यावर आकडा कोसळला तर तो दोषी, आणि लक्षण असं की गाडी तापल्यावर बंद पडते, थंड झाल्यावर चालू होते. आतून सुटलेला कंडेन्सर पॉइंटवर निळी मोठी ठिणगी पाडतो. शॉर्ट झालेला असेल तर ठिणगी अजिबात नाही. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेकडी झपाट्याने वाढत असेल तर कंडेन्सरची क्षमता त्या कॉइलला जुळत नाही. यातलं काहीच नसेल तर चालू कंडेन्सरला हात लावू नका. जुना चालता कंडेन्सर नव्या अनोळखी कंडेन्सरपेक्षा भला, असं माझं मत झालंय.

जुळवणी

नवा पॉइंट डब्यातून निघतो तेव्हा त्याच्या तोंडाला गंजू नये म्हणून तेलकट थर असतो. तो पेट्रोलने पुसा, मग कोरा कागद तोंडात धरून ओढा. फिलर गेजही पुसा. गेजवरचं तेल पॉइंटच्या तोंडाला लागतं आणि तिथेच तो जळायला लागतो. टाच कॅमच्या सर्वांत उंच जागी आणून पुस्तकात दिलेला गॅप लावा. जुन्या, खड्डा पडलेल्या पॉइंटवर फिलर गेज खोटं बोलतो. पट्टी टेकडीवर टेकते आणि खरा गॅप जास्तच निघतो.

टाचेच्या अलीकडे कॅमवर मुगाच्या डाळीएवढं ग्रीस. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं. नमद्याच्या वातीला तेलाचे दोन थेंब.

ड्वेल मीटर असेल तर तेच खरं. चार सिलिंडरला बहुतेक ५० ते ६० अंशांच्या दरम्यान. आयडलला पाहा, मग २००० आरपीएमवर. फरक तीन अंशांहून जास्त आला तर बुश किंवा प्लेट अजून ढिली आहे. आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा करायचा नाही. ड्वेल एक अंशाने वाढला की टायमिंग क्रँकवर साधारण एक अंशाने मागे जातं. टायमिंग लावून नंतर गॅप "जरासा" सुधारलात तर टायमिंग पुन्हा लावावं लागेल.

टायमिंगसाठी टेस्ट लॅम्पचं एक टोक डिस्ट्रीब्युटरच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला. इंजिन फिरण्याच्या दिशेनेच फिरवत खुणेवर आणा. पुढे गेलात तर मागे घेऊन थांबू नका, बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा मोजमापात येत नाही. चावी चालू करून बॉडी हळू फिरवा. पॉइंट उघडला त्या क्षणी दिवा लागतो. तिथे क्लॅम्प आवळा. बॉडी रोटरच्या उलट दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेने फिरवली की मागे. शेवटी टायमिंग लाइटने खात्री करा, व्हॅक्यूमची नळी काढून आणि तिचं तोंड बंद करून. चालू इंजिनवर हे करताना सैल बाही आणि लोंबती वायर पंख्यापासून लांब. हाय टेन्शन वायरींना हात नको. वीस-तीस हजार व्होल्टचा झटका बसला की हात मागे उडतो आणि तिथे पंखा असतो. पेसमेकर असलेल्याने चालू इंजिनच्या या भागापासून दूरच राहावं.

गाडी चालू होण्याऐवजी कार्बोरेटरमधून थुंकली तर घाबरू नका, बहुतेक डिस्ट्रीब्युटर १८० अंशांनी उलटा बसलाय.

वायर आणि बुश ठीक निघाले तर

पावसात किंवा धुक्यातच त्रास होत असेल तर कॅप. आतून उजेडात तिरपी धरा. दोन टॉवरच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तो करंटचा चोरमार्ग आहे, खरवडून जात नाही, कॅप बदला. मधला कार्बन दाबून सोडल्यावर उसळून बाहेर यायला हवा.

कॉइलमधून ठिणगी येते पण प्लगवर नाही, असं असेल तर रोटर. त्याच्या प्लास्टिकमधून करंट खाली शाफ्टला जातो. कॅप काढून कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिमी वर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणग्या धडाधड पट्टीवर पडल्या तर रोटर फुटला आहे, कारण चांगल्या रोटरवरून त्यांना पुढे जायला वाटच नसते.

पॉइंट पुन्हा पुन्हा काळे पडून जळत असतील तर कॉइल तपासा. काही गाड्यांत कॉइल दीड ओमच्या आसपास असते आणि वायरिंगमध्ये वेगळा बॅलास्ट रेझिस्टर असतो. कोणीतरी तो मधून काढून टाकला असेल तर पॉइंटमधून जवळपास दुप्पट करंट जातो. साधी कॉइल तीन ओमच्या आसपास भरते, मल्टीमीटरने दोन मिनिटांत कळतं.

पॉइंटऐवजी पिकअप कॉइलचा (चुंबकाने ठिणगीची वेळ कळवणारी) डिस्ट्रीब्युटर असेल तरी या लेखातला मुख्य दोष तिथेही होतो. पिकअपही फिरणाऱ्या प्लेटवरच असतो आणि त्याच्या दोन बारीक वायरी तशाच वाकत असतात. ओममीटर लावून नळी ओढा, आकडा उडाला तर सापडलं. तिथे मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक डबी) बदलत बसणारे बरेच असतात.

माझ्या गाडीचा ड्वेल जुळवणीनंतर आयडलला ५४ आणि २००० वर ५५ आला. ८०० किलोमीटरनंतर नव्या टाचेने जागा धरली तेव्हा ५६ झाला होता, गॅप एकदा लावून घेतला, पाठोपाठ टायमिंगही. त्यानंतर कॅप फक्त ग्रीस लावायला उघडली आहे.